माझ्या चरबीची एकादशी

"मामी, तुझी थोडी चरबी देतेस का?"

शेजारणीनं वाटीभर विरजण मागावं तशा आवाजात शलाकानं विचारलं. मी मिरजेच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात होते. डावा पाय दोन उशांवर आणि हातात जपाची माळ. माळ अर्ध्यावर असताना मी बोलत नाही. तिला बोटानं थांब म्हटलं. पण पलीकडच्या खाटेवरच्या हौसाक्कांना कुठलीच माळ आड येत नव्हती. खुबा मोडून त्या महिनाभर तिथं पडल्या होत्या आणि तोंडाला काही झालं नव्हतं.

"माजी घे की गं पोरी," त्या म्हणाल्या. "पायजे तेवडी काड. वर दोन पायली शाळू देतो."

"तुमचीही घेईन आजी, पण आत्ता मला मामीची हवीय. मामीच्या रक्तातली साखर लाखात एक आहे."

शलाका माझ्या नणंदेची मुलगी. दवाखान्यामागच्या कॉलेजात ती चरबीवर संशोधन करायची. घरातले सगळे तिला विचारायचे, लग्न कधी करतेस. मी एकटी विचारायचे, चरबी काय म्हणते. म्हणून तिचा माझ्यावर जीव.

माळ संपवून डोळ्यांना लावली. "कुठली चरबी?"

"पोटाची. जागा बधिर करून सुईनं काढायची. आवळ्याएवढी पुरे. मगदूम सरांना विचारलंय. नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हण, मी रागावणार नाही."

नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी हळू बोलते, मान हलवते आणि हो म्हणते. सासूबाई सगळ्या आळीला सांगायच्या, "आमची कुमुद हो म्हणाली की समजावं, आता हे काम होत नाही."

त्या दिवशी सकाळीच डॉक्टर मगदूमांना मी दोनदा हो म्हणून झालं होतं. त्या चातुर्मासात मी अनवाणी राहायचा नेम धरला होता. देवळाला प्रदक्षिणा घालताना बोटात काच रुतली आणि मला कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर फरशीवरचे रक्ताचे ठसे बघून हे म्हणाले, "लक्ष्मी आलेली दिसते पावलांनी." मग बोट सुजलं, आणि कडेनं काळं पडायला लागलं. डावीकडचं, अंगठ्याशेजारचं, जोडव्याचं बोट. दवाखान्यात आल्या आल्या नर्सनं जोडवं कातरून काढलं. ते मी कुंकवाच्या डबीत घालून बाळकृष्णापाशी ठेवलं. माझा पितळी बाळकृष्ण माझ्याबरोबर सगळीकडे येतो. खाटेजवळच्या लोखंडी कपाटावर रुमाल अंथरून त्याला बसवला होता. शेजारी औषधाच्या बाटल्या. त्याला काही फरक पडत नव्हता. लोणी कुठंही बसून खाता येतं.

डॉक्टर पट्टी सोडून बघायचे आणि नाकातून श्वास सोडायचे. "कुमुदताई, साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही," ते म्हणाले होते. "पुढच्या आठवड्यात बोट काढावं लागेल. आणि एकदा काढायला लागलो की एकावरच थांबेन असा शब्द मी देत नाही."

"हो."

"ते उपास आधी थांबवा."

"हो."

श्रावण चालू होता. सोमवार, शनिवार, चतुर्थी, प्रदोष, एकादशी. माझ्या आठवड्यात जेवणाचे वार शोधावे लागायचे. डॉक्टरांचं म्हणणं मला पटतच नव्हतं. खाल्ल्यानं साखर चढते म्हणतात आणि मी तर उपासाला असते! उपासाला खाल्लेलं हे काही खाणं नव्हे, असं आमच्या माहेरी, सासरी आणि मधल्या सगळ्या गावांत समजतात.

"नेऊन करणार काय तू माझ्या चरबीचं?" मी शलाकाला विचारलं.

"दोन ताटल्या करणार. एकीत अंगाला मानवेल एवढ्या साखरेचं पाणी, दुसरीत खूप जास्त साखरेचं. दोन्हींत तुझी चरबी दिवसभर ठेवायची. मग इन्सुलिनचे थेंब टाकायचे आणि बघायचं, ती ऐकते का."

"मला टोचतात तेच इन्सुलिन?"

"तेच. आपण जेवलो की ते अंगभर फिरून दोन गोष्टी सांगतं. एक, आलेली साखर आत घ्या. दोन, तुपाच्या बरण्यांना झाकणं लावा. बाजारातून ताजा माल आलाय, साठवणीतलं आत्ता काढू नका. ह्या चरबीच्या पेशी म्हणजे तुपाच्या बरण्या. रक्तात साखर कायम चढलेली राहिली तर झाकणं लागतात का, एवढंच मला बघायचंय."

"म्हणजे मालकीण सांगते आणि घर ऐकतं का, ते?"

"अगदी बरोबर."

"त्याला चरबी कशाला काढायची? आमच्याकडे येऊन राहा चार दिवस."

हौसाक्का खुबा धरून हसल्या.

"कधी काढणार?" मी विचारलं.

"आज दुपारी. उद्या दिवसभर मुरेल. संध्याकाळी मोजायची."

"उद्या एकादशी आहे."

"असू दे की."

"मग उद्या माझी चरबी खाणार काय?"

"मामी, ती चरबी आहे."

"माझी आहे," मी हळूच म्हटलं. "मी एकादशी कधी मोडलेली नाही. बाळंतपणातसुद्धा. मी इथं उपास करायचा आणि माझ्याच अंगाचा तुकडा तुझ्या ताटलीत बसून जेवणार? त्या पाण्यात धान्य नाही ना?"

"धान्य? नाही."

"कांदा-लसूण?"

"मामी!"

"मग असतं काय?"

"साखर, मीठ, क्षार, जीवनसत्त्वं."

"मीठ कुठलं? सैंधव?"

"असंल असंल," हौसाक्का म्हणाल्या. "आनि ताटलीखाली रांगोळी काडा म्हनावं."

शलाकानं कपाळाला हात लावला. पण तिला चरबी हवी होती. ह्या गावातल्या बायका एकवेळ मूत्रपिंड देतील, पण पोटावर काढण्यासारखी चरबी आहे हे कबूल करायला एकही तयार होत नाही, असं ती म्हणायची.

"साखर चालते उपासाला," मी शेवटी निवाडा दिला. "दोन्ही ताटल्या चालतील. पण द्वादशीला पारणं करायचं."

"आता हे काय?"

"धरलेला उपास सोडवायचा. सोडवला नाही तर फळ नाही. तू मोजून झाल्यावर तिला तशीच उपाशी टाकून देणार, ते मला चालायचं नाही. द्वादशीला सकाळी साध्या दिवसाचं, रोजचं पाणी द्यायचं तिला. दिवसभर."

"बरं बाई, देईन."

"आणि दुसऱ्या ताटलीत साखर किती घालणार?"

"मागच्या सोमवारी संध्याकाळी तुझ्या रक्तात होती तेवढी."

"सोमवारी तर मी उपासाला होते."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि सुई आणायला गेली. त्या 'म्हणूनच'कडे मी लक्ष दिलं नाही.

एकादशीला दुपारी हे डबा घेऊन आले. मीच सांगितल्याप्रमाणे साबुदाण्याची खिचडी, गुळाच्या पाकातल्या रताळ्याच्या फोडी, चार वेलची केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. सगळं काल निगुतीनं सांगितलं होतं आणि ह्यांनी निगुतीनं केलं होतं, कारण त्यातलं निम्मं त्यांनाच लागायचं. ह्यांनी जन्मात उपास केला नाही, पण माझा एकही चुकू दिला नाही. "मी सहानुभूतीनं खातो," म्हणायचे.

डबा उघडल्यावर हौसाक्का कोपरावर उठून बसल्या.

"वैनी, एक इचारू?"

"विचारा की."

"उपासाला यवढं खाताय, मग जेवाय बसल्यावर काय बैलगाडी आनत्यात?"

"एकादशी अन् दुप्पट खाशी," हे खिचडीचा घास घेत म्हणाले. "आमच्याकडे ही म्हण नाही, कुलाचार आहे."

"हे उपासाचं आहे," मी म्हटलं आणि बाळकृष्णाला लाडू दाखवून तोंडात टाकला.

संध्याकाळी नर्सनं बोट टोचून यंत्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग यंत्र पुसून पुन्हा टोचलं. इन्सुलिन वाढवून दिलं.

ती गेली आणि शलाका आली. डोळे तारवटलेले, पण चेहरा फुललेला.

"मामी, झालं! साध्या ताटलीतल्या चरबीला इन्सुलिन दिल्याबरोबर ती गप्प झाली. जास्त साखरेतली मात्र पाझरतच राहिली. पाण्यात नुसती उतरत होती."

"म्हणजे वितळली?"

"हो, वितळलीच म्हण."

मी हात जोडले. "बघा! मी इतकी वर्षं सांगतेय. उपासानं चरबी झडते. तुमचं शास्त्र आत्ता तिथं पोचलं."

"मामी, झडली नाही. सांडली." तिनं खुर्ची ओढली. "झाकण लागलं नाही म्हणून तूप बरणीतून रक्तात आलं. कुणाला नको असताना. कुणी खाल्लं नाही, कुणी जाळलं नाही. ते जाऊन बसतं यकृतात आणि स्नायूंत. मग तेसुद्धा इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. यकृत आणखी साखर ओतायला लागतं. तूप सांडून घरभर चिकट झालं, तर घर बारीक झालं म्हणशील का?"

ह्यांनी केळ्याचं साल अलगद डब्यात ठेवलं.

"आणि ती ऐकत का नाही?" मी विचारलं. "इन्सुलिन कमी पडलं?"

"भरपूर होतं. ते ओरडून ओरडून सांगतंय, झाकण लाव. साखरेत मुरलेली ती बरणी हो हो म्हणते आणि करते आपलंच. तुझी चरबी अगदी तुझ्यावर गेलीय, मामी."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. हौसाक्कांनी भिंतीकडे तोंड केलं, पण त्यांची खाट हलत होती.

मला काही हसू आलं नाही. मी पट्टीतून दिसणारं बोटाचं टोक बघत होते. कालच्यापेक्षा ते निळं होतं की संध्याकाळच्या उजेडामुळं तसं दिसत होतं, कळेना.

"दुसऱ्या ताटलीची साखर," मी म्हटलं. "ती माझ्या सोमवारची."

"तुझ्या सोमवारची. आजची तर त्याहून वर आहे, नर्सनं दाखवली मला." तिनं डब्यातला उरलेला लाडू उचलून बघितला आणि परत ठेवला. "चल, मी जाते. आता ते सगळं टाकून देते आणि झोपते."

"पारणं," मी म्हटलं.

"मामी, काल रात्रभर मी डोळा मिटलेला नाही. ती चरबी आता बहिरी झालीय, तिचं काही होणार नाही."

"तू हो म्हणाली होतीस."

"तूही डॉक्टरांना रोज हो म्हणतेस."

एवढं बोलून ती गेली. इतक्या वर्षांत मला कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. सासूबाईसुद्धा आळीला सांगायच्या, मला नाही. मी बाळकृष्णाकडे बघितलं. तो रांगत होता आणि हातातल्या लोण्याच्या गोळ्यावरून त्याचं लक्ष काही हललं नाही. "तुझं बरं आहे," मी त्याला म्हटलं. "तू पितळेचा. तुला बोटं काढायला कोण येतंय?"

द्वादशीला शलाका आली नाही. मला वाटलं, टाकून दिली असणार. माझ्या अंगातून आवळाभर एकादशी फुकट गेली. डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाकातून श्वास सोडला आणि कडेनं पेनानं रेघ मारली. "काळं ह्या रेघेच्या वर आलं तर मी थांबणार नाही," ते म्हणाले. मी हो म्हणाले, पण ह्या वेळी ते 'हो' माझं मलाच पोकळ वाटलं.

त्रयोदशीला सकाळी वॉर्डाच्या दारातूनच आरोळी आली.

"मामी! ऐकलं!"

"कोण मेलं?" हौसाक्का दचकून उठल्या.

"मेलं कुणी नाही, मामीच्या चरबीनं ऐकलं!" शलाका माझ्या पायाशी धपकन बसली. पाय जेमतेम वाचला. "मी टाकायला गेले होते. हातात ताटली घेतली आणि तुझा तो आवाज आठवला. हळू बोलतेस ना, तो जातच नाही डोक्यातून. म्हटलं, मरू दे, करू पारणं. साखर धुतली, रोजचं पाणी घातलं, कालचा दिवसभर ठेवली. मग वाटलं, ठेवलीच आहे तर पुन्हा इन्सुलिनचे थेंब टाकून बघू."

"मग?"

"पाझर कमी झाला! पूर्ण बंद नाही, पण झाकण बऱ्यापैकी लागलं. मी तिला बहिरी समजत होते. ती बहिरी नव्हती, मामी. तिच्या कानात साखर भरली होती."

आता शलाकाची कोल्हापूरला स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिथल्या पोरी साखरेतल्या पेशी साध्या पाण्यात आणून ठेवण्याला 'पारणं' म्हणतात. पंचांग कशाला म्हणतात हे त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही. पण त्या दिवशी ती मलाच बजावत होती की एका बाईच्या आवळ्याएवढ्या चरबीवर शास्त्र उभं राहत नाही, अजून पुष्कळ बायकांची चरबी बघावी लागेल.

"आणि बोट?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "बोट म्हणजे ताटली नाही, मामी. मी कशाला खोटं सांगू? पण जखम भरायची तर साखर उतरायलाच हवी. आणि उतरली तर अंग ऐकायला लागतं, एवढं मी काल डोळ्यांनी बघितलंय."

मी कपाटावरची कुंकवाची डबी उघडली. जोडवं कातरल्या जागी वाकडं झालं होतं. डबी बंद केली.

सोमवारी हे डबा घेऊन आले. झाकणातून खिचडीला घातलेल्या तुपाचा वास वॉर्डभर गेला.

"आज नको," मी म्हटलं.

"का? उपास नाही?"

"उपास आहे म्हणूनच नको."

ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तेवढ्यात डॉक्टर मगदूम आले. मी पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "डॉक्टर, मला उपास करायचा आहे. पण खरा. काय चालेल?"

डॉक्टरांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. "म्हणजे आजवर..." म्हणून ते थांबले. सज्जन माणूस. मग खुर्चीवर बसून त्यांनी नीट सांगितलं. ताक, काकडी, मूठभर भाजके शेंगदाणे, बिनसाखरेचं दूध. अगदी उपाशी राहून इन्सुलिन टोचून घेतलंत तर साखर एकदम पडेल, चक्कर येऊन पडाल, म्हणून आज मात्रा मी ठरवणार आणि तीनदा रक्त बघणार. मधे घाम सुटला तर देव मधे आणायचा नाही, नर्सला हाक मारायची.

"हो," मी म्हणाले. डॉक्टर जरा घाबरले. मी पुन्हा म्हटलं, "हो, खरंच."

ह्यांनी डबा मांडीवर घेऊन एकट्यानं खाल्ला. सहानुभूती दाखवायला पुढं कुणी नव्हतं, त्यामुळं घास उतरत नव्हता. तरी संपवला. मी ताक प्यायले.

"आता कसं उपासावानी दिसतंय," हौसाक्का म्हणाल्या.

दुपार कलली तशी पोटात एक विचित्र कळ यायला लागली. आधी वाटलं, गॅस असेल. मग वाटलं, शलाकानं सुई टोचली होती तिथंच काही बिघडलं. नर्सला हाक मारली. तिनं रक्त बघितलं, नाडी बघितली. यंत्रावरचा आकडा त्या महिन्यातला सगळ्यात खालचा होता, पण पडलेला नव्हता.

"मावशी, काही नाही झालेलं," ती म्हणाली. "तुम्हाला भूक लागलीय."

मी चार शेंगदाणे सावकाश चावून खाल्ले. इतकी वर्षं इतके उपास केले, पण उपासाच्या दिवशी मला भूक अशी कधी लागलीच नव्हती. बाळकृष्णाकडे बघायची मला जरा लाज वाटली. तो लोणीच खात होता.

काळं त्या रेघेपाशी अडलं. आठवडा गेला, बोट काढायचा दिवस उलटला. डॉक्टर नाकातून श्वास सोडायचे थांबले. मग एका सकाळी पट्टी सोडल्यावर त्यांनी नर्सला नुसतं "बघ" म्हटलं. रेघेच्या खाली गुलाबी कातडं धरत होतं, तान्ह्या पोराच्या ओठासारखं.

घरी सोडलं त्याच्या आदल्या दिवशी हे सोनाराकडून जोडवं सांधून आले. मला अजून वाकता येत नव्हतं. ते खाटेशी उकिडवे बसले आणि चष्मा कपाळावर सारून बोट हातात घेतलं. जखमेवरचं कातडं अजून कोवळं होतं, जोडवं हलकेच सरकवावं लागलं.

"लगीन लागतंय जनू!" हौसाक्का ओरडल्या. "आक्षता न्हाईत, गोळ्या टाकू का?"

हे उठले नाहीत. बोट तसंच धरून त्यांनी खालूनच विचारलं, "कुमुद, येत्या एकादशीला घरी काय?"

"ताक."

"आणि?"

"काकडी."

संसारात पहिल्यांदाच उपास त्यांच्या अंगावर आला होता.

"निदान माझ्यापुरती तरी वाटीभर खिचडी करशील ना?"

"हो," मी म्हणाले.

हे सासूबाईंचेच चिरंजीव. त्यांनी बोट सोडलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि रिकामा डबा उचलून निमूट पिशवीत ठेवला.